विसराळूंचा हर्रास

काकांना हळू बोलता येत नसे. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा गल्लीच्या टोकाला असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची, आणि गिरणी सुरू असली तरी जायची. यात त्यांचा दोष नव्हता. उभी हयात त्यांनी खामगावच्या कापूस बाजारात हर्रास बोलण्यात घालवली होती. हर्रास म्हणजे लिलाव. एका अंगाला कापसाच्या गाड्यांची रांग, दुसऱ्या अंगाला व्यापारी, आणि मधे ढिगावर चढून भाव पुकारणारे काका. पाठीमागे सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगची घरघर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, व्यापाऱ्यांची पोरं धंद्याला बसली, पण काका काही त्या ढिगावरून खाली उतरले नव्हते.

घरात उरलेली शेवटची वस्तू ते कधी साध्या मार्गाने कुणाला देत नसत. वांग्याच्या भरिताचा शेवटचा घास कढईत उरला की काका कालथा वर धरून पुकारा करायचे. बोली पैशाची नसे, कामाची असे. मी म्हणायचे, दोन बादल्या पाणी भरीन. "दोन बादल्या, एक वार," काका म्हणायचे, आणि दुसरं कोणी बोली लावणारं नसल्यामुळे स्वतःच माझ्या बोलीवर बोली चढवायचे: तीन बादल्या आणि अंगणाचा सडा. मग पुन्हा हर्रासवाले होऊन त्या बोलीकडे संशयाने पाहायचे, की हा माणूस खरंच सडा टाकणार आहे काय, याचं मागचंच काम अजून बाकी आहे. स्वतःशी त्यांचं चांगलं जुंपायचं. तोवर काकू मुकाट्याने त्यांच्या हातातून कालथा घ्यायच्या आणि भरीत माझ्या ताटात घालायच्या. हर्रास खलास. काका म्हणायचे, अशी एक बाई बाजारात असती तर आम्ही रोज दुपारी घरी येऊन झोपलो असतो.

मी त्यांची भाडेकरू. माहेर माझं दुसरबीडचं, शिक्षण फिजिओथेरपीचं, आणि नोकरी तेव्हा एका संशोधनात लागली होती. शहरातल्या एका डॉक्टर मॅडमनी ते काढलं होतं. वय झालेल्या, विसरायला होतं अशी तक्रार असलेल्या माणसांना काही महिने नेमाने व्यायाम करायला लावायचा आणि त्यांच्या आठवणीत फरक पडतो का ते पाहायचं. माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी जागा हवी होती, आणि काकांच्या घरामागे त्यांचं सरकीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. पुढे मोठं आवार, त्याला तारेचं कुंपण. गोदाम संशोधनाला मिळालं आणि वरची खोली मला.

पहिल्या भेटीत काकांनी माझं नाव-गाव विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरलं, ताणलं, तुटलेला धागा उजेडात धरून पाहिला आणि काकूंना सांगितलं, "मध्यम धागा हाय. कचरा कमी. ठेवून घेऊ." कापसाची प्रत अशीच पाहतात. कापूस संपला तरी चिमटी संपली नव्हती. पाहुण्यांचा सदरा, दारावर आलेल्याची पिशवी, मॅडमचा रक्तदाबाचा पट्टा, सगळं त्या चिमटीतून जायचं. माणसांचीही प्रत ते तशीच लावत. आखूड धाग्याचा म्हणजे दोन दिवसांत तुटणारा. लांब धागा ही पदवी त्यांनी माझ्यासमोर तिघांनाच दिली: त्यांची आई, एक बैल, आणि काकू. काकू म्हणाल्या, बैलाच्या मागे नंबर लावला तेवढं बरं केलं नाही. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं असायचं. एरवी कशालाही त्यांचं उत्तर ठरलेलं, "बरं हाय."

आता निवडीच्या अटी सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. वय साठीच्या पुढे हवं. आधीपासून व्यायाम करणारा नको. चालता यायला हवं. आम्ही एक छोटी परीक्षा घ्यायचो. तिच्यात माणूस फार हुशार निघायला नको आणि विसरण्यात फार पुढे गेलेलाही नको. आणि सगळ्यात मोठी अट, मला विसरायला होतं हे त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. नवऱ्याने, बायकोने, सुनेने सांगितलेलं धरायचं नाही. मॅडम या अटीवर ठाम होत्या.

पहिला आठवडा आम्ही गोदामात बसून माशा मारल्या. आपल्याला विसरतं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याला विसरतं असं सगळे म्हणतात. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, याले काही ध्यानात राहत नाही म्हणाल्या. नवरा म्हणाला, मले काय धाड भरली, हीच सारं विसरते. दोघं एकमेकांना विसराळू ठरवत आले तसे भांडत गेले. मी कपाळाला हात लावून बसले होते. काकांना माझी दया आली. बाजाराच्या दिवशी ते मार्केट यार्डात गेले आणि एका हमालाच्या गाडीवर चढून त्यांनी पुकारा केला.

काय पुकारलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण रांग आवाराच्या फाटकाबाहेर गेली होती. निवडलेल्या माणसांना व्यायामासाठी आम्ही कॅनव्हासचे बूट देणार होतो. काकांनी सांगितलं होतं की ज्याले सगळ्यात जास्त विसरते त्याले पयले घेतीन, अन् बूट फुकट. बाजाराच्या गावात निवड म्हणजे काय, ते कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याची बोली मोठी त्याचा माल.

पहिले आजोबा टेबलासमोर बसले आणि म्हणाले, मी चष्मा विसरतो. रांगेतून आवाज आला, चष्मा त सारेच विसरतात, मी शेतात इळा विसरलो. काका ओट्यावर बसले होते. त्यांना राहवेना. "इळा, एक वार," ते म्हणाले. झालं. तिसऱ्याने बैलजोडी बाजारात विसरल्याचं सांगितलं. एका निवृत्त कंडक्टरने उठून सांगितलं की त्याने ड्यूटीवर असताना सख्खी बायको शेगावच्या स्टँडवर विसरली आणि डबल बेल देऊन गाडी सोडली. एवढ्या मोठ्या बोलीवर कोण जाणार. "बायको, दोन वार," काका म्हणाले, आणि हात खाली आणणार एवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "मी इथी काऊन आली, तेच मले आठवत नाही."

"तीन वार," काका म्हणाले. माल आजीला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कंडक्टरने सुद्धा.

मी काकांना हात जोडले. सांगितलं, की ही बोली नाही, माणसं खोटं सांगतील. काकांना ते पटेना. बाजारात सगळे खोटंच बोलतात, पण माल शेवटी काट्यावर चढतो ना, असं त्यांचं म्हणणं. ते मात्र खरं ठरलं. परीक्षेच्या काट्यावर बहुतेक सगळे पुरेपूर उतरले, म्हणजे आमच्या हिशेबाने बाद झाले. विळा कोणत्या बांधावर विसरला, त्याची मूठ कोणत्या लाकडाची होती, तो परत कुणी आणून दिला, हे आजोबा न अडखळता सांगत होते. बाद झालेला एकजण म्हणाला, आज घरी जातो, काहीतरी विसरतो, उद्या येतो.

काकांनी स्वतःची परीक्षा द्यायचाही हट्ट धरला. एकही चूक नाही. मी त्यांना बाद सांगितलं तेव्हा ते चांगले दुखावले. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो गाड्यांना बाद म्हटलं होतं, त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

पण ही सगळी धमाल जिने रांगेत यावं म्हणून ते करत होते, ती आलीच नव्हती. ती आत स्वयंपाकघरात होती.

काकू विसरायला लागल्या होत्या. हे मला घरात राहिल्यावर काही दिवसांतच कळलं. त्या सकाळी मेथी आणायच्या. दुपारी पुन्हा मेथी आणायच्या. संध्याकाळी दारावर भाजीवाली आली की म्हणायच्या, मेथी आहे का गं. काका तिसरी जुडी हातात घेऊन आनंदाने म्हणायचे, मीच सांगितली होती, मले आज मेथीची लई आठवण येऊन राह्यली. मग मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं वरण. आमचा घाम सुद्धा कडू झाला असेल. भाजीत मीठ दोनदा पडलं तर काका चव घेऊन मान डोलवायचे आणि पाण्याचा तांब्या हळूच माझ्याकडे सरकवायचे.

आणि जेवण. दिवेलागणीला आम्ही तिघं जेवायचो. ताटं उचलून काकू आत जायच्या, थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, चला, पानं घेतली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तोंड उघडणार होते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं. काका उठले, पाटावर बसले आणि भूक लागलेल्या माणसासारखे जेवले. भाकरीची तारीफ केली. दुसऱ्यांदा हर्राससुद्धा बोलले. काकूही आमच्यासोबत दोन घास खायच्या. असं आठवड्यातून एकदा, मग दोनदा व्हायला लागलं. माझी सलवार कमरेला दाटायला लागली आणि काकांच्या सदऱ्याची खालची दोन बटणं कायमची सुटी झाली. व्यायामाच्या संशोधनात काम करणाऱ्या बाईची ही गत. वर माझ्या खोलीत जाताना जिन्यावर मला हसू यायचं, आणि शेवटच्या पायरीपर्यंत ते हसू राहायचं नाही.

एक दिवस काका गोदामात आले, दार लोटून घेतलं आणि त्यांच्या मते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तिले घे. ती विसरून राह्यली. बूट नको देऊ, पण तिले घे." गिरणीपर्यंत गेलं असणार. मी म्हटलं, काका, काकूंनी स्वतः म्हणायला हवं. ते म्हणाले, ती म्हणणार नाही. तिला ताप आला तरी ती बरं हाय म्हणते, तिची आई गेली तेव्हाही बरं हाय म्हणाली. मॅडमला सांग, मी तिचा नवरा आहे, माझी साक्ष घ्या. मी सांगितलं, साक्ष चालत नाही. मग त्यांनी शेजारणीची साक्ष देऊ केली, भाजीवालीची देऊ केली, शेवटी मेथीची जुडीच पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. मी नाही म्हटल्यावर ते खुर्चीत बसले. "मले भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले. इतक्या मोठ्या आवाजात भीती सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवसापासून माझ्याही डोक्यात तेच. काकूंना मी चहा पिताना विचारलं, दळण निवडताना विचारलं, वेणी घालून घेताना विचारलं. काकू, कधी काही विसरायला होतं का? उत्तर एकच, बरं हाय. निवड महिनाअखेर बंद होणार होती आणि जागा एकेक करत भरत आल्या होत्या.

मधेच मॅडमचा फोन आला, भलताच घाबरलेला. आमच्या परीक्षेत घरातल्या माणसांची नावं विचारायची असत, आणि सूचना अशी, की उत्तर आलं नाही तर शून्य लिहा. मी निमूट शून्यं लिहीत होते. ते कागद शहरात पोचले आणि मॅडमना दिसलं की या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना वार सांगता येतो, जिल्हा सांगता येतो, वजाबाकी येते, नातवंडांची नावं ओळीने येतात, आणि नवऱ्याचं नाव एकीलाही माहीत नाही. त्यांनी मला विचारलं, तिकडच्या पाण्यात काही आहे का, तपासून घ्यायचं का. मी इतकी हसले की मला फोन खाली ठेवावा लागला. मग सांगितलं, मॅडम, माहीत सगळं आहे, घेत नाहीत. त्या माझ्यासमोर पदर तोंडाशी धरतात आणि शेजारणीला सांगतात, तू सांग वो माह्या घरच्याचं नाव. मॅडम म्हणाल्या, माझी आजीही घेत नसे, मी विसरूनच गेले. मी म्हटलं, तुमचं वय बसत नाही, नाहीतर तुम्हालाच घेतलं असतं.

ठरलं असं, की उखाण्यात नाव घेतलं तरी मार्क द्यायचा. हे बाहेर कळल्यावर आवाराचा लग्नमंडप झाला. बायका डोक्यावर पदर सारखा करून बसायच्या आणि एकेक फर्मास उखाणा यायचा. "जलंबवरून खामगावले येते छोटी गाडी, शेषरावानं आणली मले मोरपंखी साडी." शेषराव बाहेर ओट्यावर बसून लाजत होते. एका आजीने पाच उखाणे घेतले. मी पुरे म्हटलं तर म्हणाली, आणखी हायेत, लिवून घे. नवरे मंडळी सकाळपासून येऊन बसायला लागली, केवळ आपलं नाव ऐकायला. त्यांच्यात काका रोज असायचे. त्यांचं नाव घेणारं तिथे कोणीच नव्हतं, तरी असायचे.

मी विचारलं, काका, काकूंनी तुमचं नाव घेतलं होतं का कधी? "लग्नात घेतलं म्हणतात," ते म्हणाले. "बँड वाजू राह्यला होता. मले आयकू आलं नाही." त्यानंतर चाळीसेक वर्षांत त्यांनी सगळं करून पाहिलं. सणावाराला आग्रह केला, नाव घेतलं नाही तर जेवणार नाही म्हणून बसले. काकू म्हणाल्या बरं हाय, आणि ताट झाकून ठेवलं. अर्ध्या तासात काकांनी झाकण काढलं.

शेवटची एक जागा उरली आणि निवडीचा शेवटचा दिवस आला. त्या सकाळी काकूंनी भांडी आवरली, साडी बदलली आणि माझ्यासोबत गोदामात आल्या. काकांनी कसं आणि काय सांगून त्यांना तयार केलं, मला माहीत नाही. काकांना मी बजावलं होतं, की आत यायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही. ते ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, चिमटीत स्वतःच्याच धोतराचं टोक.

मी दार लोटलं आणि विचारलं, काकू, विसरायला होतं का?

"बरं हाय," काकू म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं. पुढे काही विचारण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मले माहीत हाय बाई, मी विसरतो. ताटं मीच घासतो ना. तीन माणसं अन् सहा ताटं कशी होतात?"

म्हणजे त्यांना कळत होतं. ताटं घासताना प्रत्येक वेळी कळत होतं. मी विचारलं, मग सांगत का नाही.

"तो तुह्याशी हळू बोलते, ते मले चुलीजवळ आयकू येते. त्याले भेव वाटते, हे मले समजलं. पण मले काही समजत नाही असं त्याले वाटते, त्या भरोशावर तो हसते. मी बोलली, त मंग तो दुसऱ्या ताटावर बसून हसन कसा?"

नवरा-बायकोच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. आता बीबी गावात माझा छोटा दवाखाना आहे, तिथे गुडघे दाबता दाबता रोज ऐकते. पण एकमेकांना घाबरू न देण्यासाठी दोघांनी मिळून इतकं जेवावं, असं मी कुठेच पाहिलं नाही. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. काकूंनी माझ्या ओढणीनेच माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, तुह्यावालं इचार, राह्यलेलं.

राहिलेली परीक्षा मी घेतली. वार बरोबर आला, महिना नाही आला. सांगितलेले शब्द काही आले, काही सुटले. नातवाचं नाव आलं. विसर आम्हाला जेवढा हवा होता, अगदी तेवढाच. मग मी विचारलं, नवऱ्याचं नाव.

काकूंनी पदर सारखा केला. मी म्हटलं, उखाण्यात घ्या, चालतं. दार लोटलेलं असलं तरी फळ्यांना फटी होत्या, आणि एका फटीत मला काकांचा कान दिसत होता. काकू छताकडे पाहत राहिल्या. उखाणा जुळवत आहेत, लाजत आहेत, की शोधत आहेत, मला काही कळेना. त्या कानाचं काय होत असेल याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं.

"उखाण्यात काऊन?" काकू अखेर म्हणाल्या. "आज आठवते, तवा सरळच घेऊन टाकतो. उद्याचं कोणं पाह्यलं."

आणि त्या दाराकडे तोंड करून बोलल्या. काकूंना एवढा आवाज आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काकांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी चाळीस वर्षं जपलेली वस्तू मी अशी फुकट वाटत सुटावं, हे बरं दिसत नाही. नाव झाल्यावर त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "मी विसरतो, आयकलं का. मी या पोरीले सांगून राह्यली, मी विसरतो."

मी लिहून घेतलं.

दार उघडलं. काका उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. काकूंकडे पाहत ते म्हणाले, "नीट आयकू नाही आलं. पुन्हा घे."

"काऊन?" काकू म्हणाल्या. "बँड वाजू राह्यला काय?"

बाहेर रांगेत बसलेले सगळे हसायला लागले, शेषराव सगळ्यात जोरात. काका हसता हसता तिथेच स्टुलावर बसले. शेवटची जागा काकूंना मिळाली. काकांनी बूट हातात घेऊन कापड चिमटीत धरलं, आखूड धागा आहे म्हणाले, तरी स्वतःच खाली बसून काकूंच्या पायात घालून पाहिले. एक बोट मोठे होत होते. काकू म्हणाल्या, बरं हाय.

त्या संध्याकाळी जेवणं झाली. काकूंनी ताटं उचलली, आत गेल्या, भांड्यांचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक ओलं ताट होतं. रोजच्यासारखं चला, पानं घेतली असं त्या म्हणाल्या नाहीत. इतके दिवस जे विचारता येत नव्हतं, ते त्यांनी आता साधं सरळ विचारलं.

"आयकलं का," त्या काकांना म्हणाल्या, "तुमी जेवले काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. नुकताच त्यांनी चौथ्या भाकरीचा हर्रास स्वतःच्याच नावावर पुरा केला होता.

"नाही," काका म्हणाले. "कुठी जेवलो."

काकूंनी हातातल्या ओल्या ताटाकडे पाहिलं, मग काकांच्या सुटलेल्या बटणांकडे. त्यांना हसू फुटलं, इतकं की दाराला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत त्या आत गेल्या, तवा पुन्हा चुलीवर चढवला, आणि आम्ही तिघं परत जेवायला बसलो.